प्रशिक्षण झालं, वर्ग तसाच: सिद्ध पद्धती शाळेत रुजवायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा: 'मी एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. चाळीसेक शिक्षक आहेत. गेल्या दोन वर्षांत संशोधनाने सिद्ध झालेल्या अध्यापन पद्धतींवर चार प्रशिक्षणं घेतली. त्या दिवशी सगळे खूश असतात, महिन्याभराने वर्गात डोकावलं तर पहिलेच पाढे. काही ज्येष्ठ शिक्षक म्हणतात, हे तर आम्ही करतोच. चुकतंय कुठे, आणि सुरुवात कुठून करू?'

दोन वर्षांत चार प्रशिक्षणं, इथेच चुकलं. एक पद्धत हातात बसायच्या आत दुसरी आली. तुमच्या ज्येष्ठ शिक्षकांनी अशा कितीतरी लाटा पाहिल्या असणार. थोडं वाकून उभं राहिलं की लाट डोक्यावरून जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांना आळशी म्हणू नका, ते अनुभवाने शहाणे झालेत.

मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवलं. गेली नऊ वर्षं इतर शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांच्याबरोबर काम करते आहे. शाळा पद्धत चुकीची निवडतात असं मला फारसं दिसलेलं नाही. दिसतं ते असं, की पद्धतीचं नाव शाळेत येतं आणि तिचा जीव कशात आहे ते बाहेरच राहतं. शिवाय तिच्यासाठी आधीच्या कामातून काहीही कमी केलेलं नसतं.

एकच उदाहरण नीट उलगडून सांगते, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आठवून काढण्याचा सराव घ्या. शिकवलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा ते पुस्तक मिटून आठवून काढलं तर जास्त टिकतं, याला भक्कम पुरावा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाची दहा तंत्रं तपासली. त्यांत वरच्या श्रेणीत दोनच बसली: आठवून काढण्याचा सराव आणि काही काळाच्या अंतराने केलेली उजळणी. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाशी गेलं.

आता ही पद्धत वर्गात कशी पोचते ते बघा. सातवीचा विज्ञानाचा तास, प्रशिक्षणानंतरचा तिसरा आठवडा. बाईंनी फळ्यावर 'आठवा पाहू' असं लिहिलं आणि पाच प्रश्न तोंडी विचारले. दर वेळी तीन-चार हात वर. पहिल्या बाकावरच्या मुलीने दोन उत्तरं दिली, खिडकीजवळच्या मुलाने दोन, पाचवं तिसऱ्याच एकाने सुरू केलं आणि बाईंनीच पूर्ण केलं. चार मिनिटांत काम उरकलं. मी मागे बसून मोजत होते: ३८ पैकी उत्तर दिलं तिघांनी. माझ्या शेजारच्या मुलाने पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं होतं. पलीकडची दोघं समासात चित्र काढत होती. पाठाचं नियोजन लिहायच्या टाचणवहीत मात्र 'आठवण सराव' या शब्दांपुढे बरोबरची खूण झाली होती, आणि ती खोटी होती असंही म्हणता येत नाही.

त्याच शाळेत दुसऱ्या एका सरांनी रोज दहा गुणांची चाचणी सुरू केली. तीन आठवडे कागद घरी नेऊन तपासले, मग कंटाळून सोडून दिलं. मुलांनीही सुटकेचा श्वास टाकला. एकाच प्रशिक्षणातून दोघं बाहेर पडले, दोघांनी मनापासून केलं, आणि ज्याला पुरावा आहे ती गोष्ट दोन्ही वर्गांत झालीच नाही.

या पद्धतीचा जीव तिच्या साधेपणात आहे. प्रत्येक मुलाने, नुसत्या हात वर करणाऱ्याने नव्हे, वही-पुस्तक मिटून स्वतःच्या डोक्यातून उत्तर काढलं पाहिजे. ते बरोबर की चूक हे त्याला लगेच कळलं पाहिजे. आणि त्यावर गुण लागता कामा नयेत, कारण गुण आले की मूल आठवायचं सोडून शेजारच्याच्या कागदाकडे बघायला लागतं. बाकी सगळं सैल सोडा. कागदावर घ्या, पाटीवर घ्या, तासाच्या सुरुवातीला घ्या नाहीतर शेवटी, तीन प्रश्न विचारा किंवा पाच. भाषेच्या तासाला ते वेगळं दिसेल, भूगोलाला वेगळं. शाळा नेमकं उलटं करतात. फळ्यावरचं शीर्षक, मिनिटं, टाचणाचा नमुना हे सगळं सारखं करून घेतात आणि गाभ्याकडे बघायला कोणालाच सवड नसते.

त्या बाईंबरोबर आम्ही पुढच्या वेळी तीनच प्रश्न ठरवले: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्याभरापूर्वीचा. वर्गात शिरायच्या आधी ते फळ्यावर लिहून ठेवायचे. वह्या दप्तरात, प्रत्येकापुढे कागदाचा एक तुकडा, तीन मिनिटं शांतता. महिन्याभरापूर्वीचा प्रश्न होता: एवढंसं रोप मोठं झाड होतं, तर त्याचं वाढलेलं वजन येतं कुठून? बाई फिरून बघत होत्या. तिसऱ्या रांगेपर्यंत येता येता त्यांचा चेहरा उतरला. ३८ पैकी २३ मुलांनी लिहिलं होतं, मातीतून. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांतून झाड स्वतःचं अन्न करतं, हे बाईंनी चांगलं दोन तास शिकवलं होतं. तास संपल्यावर त्या बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, 'मला वाटत होतं, यांना हे येतं.'

त्यानंतर त्यांना प्रशिक्षणाची गरज पडली नाही. शिक्षणाचे अभ्यासक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं, की शिक्षकाचं मत आधी बदलतं आणि मग वर्ग बदलतो, हा आपला समज बऱ्याचदा उलटा असतो. वर्गात करून बघितल्यावर मुलांमध्ये फरक दिसतो आणि मग मत बदलतं. म्हणून स्टाफच्या सभेत आलेख दाखवून कोणाचं मन वळवत बसू नका. ते तीन प्रश्न एकदा विचारायला लावा.

ज्येष्ठ शिक्षकांच्या 'आम्ही करतोच' चंही तेच. वाद घालू नका, मोजायची परवानगी मागा. एका गणिताच्या सरांना मी म्हटलं होतं, 'सर, तुमच्या तासाला मागे बसून फक्त मोजते, किती मुलांनी स्वतः उत्तर काढलं.' ४२ पैकी सहा निघाले. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि निघाले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मोजलं तर नऊ. एवढंच. पण मी काही सुचवलेलंही नव्हतं.

अशा पद्धतींचा एक गुणधर्म शाळांना कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते पद्धती सुटण्याचं मोठं कारण तेच आहे: सुरुवातीला त्या वाईट दिसतात. वरच्या प्रयोगातले पाच मिनिटांनंतरचे आकडे पुन्हा बघा. तेवढ्यावरच निकाल लावला असता तर पुन्हा वाचणंच जिंकलं असतं. गणितात तर हे ढळढळीत दिसतं. एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग देण्याऐवजी वेगवेगळ्या प्रकारची मिसळून दिली तर मुलं सराव करताना जास्त चुकतात, कारण दर वेळी कोणती रीत लावायची हे आधी ठरवावं लागतं. रॉरर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सातवीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका महिन्यानंतरच्या परीक्षेत मिसळून सराव केलेल्या भागात सरासरी ७४ टक्के होती आणि एका वेळी एकच प्रकार केलेल्या भागात ४२. पण तो महिना निघायचा कसा? वह्यांत लाल शाई वाढते, पालक विचारतात, मुलं कुरकुरतात, आणि शिक्षक निमूटपणे जुन्या वाटेला लागतो. मुख्याध्यापक म्हणून तुमचं खरं काम इथे आहे. आधीच सांगून ठेवा की पहिले पाच-सहा आठवडे चुका वाढतील, त्याबद्दल कोणाला जाब विचारला जाणार नाही, आणि पालकांना मी उत्तर देईन. हे शब्द तुमच्या तोंडून आले नाहीत तर बाकीची सगळी तयारी वाया जाते.

आता वेळेचं. शिक्षकांना पद्धत पटूनही ती का होत नाही, याचा मला सगळ्यात बोलका वाटणारा पुरावा 'प्रथम' संस्थेच्या कामावर झालेल्या प्रयोगांमधला आहे. मुलांना इयत्तेनुसार न बसवता त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवायचं, ही ती पद्धत. तिचा फायदा आधीच सिद्ध झालेला होता. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात ती वापरली तेव्हा मुलं पुढे गेली. त्याच राज्यात शाळेच्या नेहमीच्या वेळात, साहित्य आणि प्रशिक्षण देऊनही, फरक पडला नाही. शिबिरात पाठ्यक्रम मागे लागलेला नव्हता, शाळेत होता. पुढे हरयाणात रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला, त्या तासाला मुलांचे गट खरोखरच बदलले, आणि मदतीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः वर्गात ही पद्धत चालवून पाहिली. तेव्हा शाळेच्या वेळातही मुलांचं वाचन सुधारलं. शिक्षकांना पद्धत जमत होती, हे बिहारच्या शिबिरातच दिसलं होतं. ती करायला मोकळी जागा कोणी देत नव्हतं.

म्हणून मी शाळेत गेले की आधी विचारते, काय बंद करणार? बहुतेक वेळा खोलीत शांतता पसरते. शाळेत नवं सुरू करायला धाडस लागत नाही, जुनं बंद करायला लागतं.

बंद करण्याजोगं भरपूर असतं. मूल 'बघून शिकणारं', 'ऐकून शिकणारं' की 'करून शिकणारं' हे ठरवायचे तक्ते अजून कितीतरी शाळांत भरले जातात. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयाचा धांडोळा घेतला, तेव्हा त्या वर्गवारीनुसार शिकवल्याने फायदा होतो असं म्हणण्याजोगा पुरावा त्यांना सापडला नाही. ते तक्ते उद्याच बंद करा, कोणाचं काही बिघडणार नाही. दुसरं, वह्या तपासणं. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळाले तेव्हा शेऱ्याचा फायदा पुसला गेला. याचा अर्थ आपल्याकडची रीत, प्रत्येक वहीत गुण आणि त्याखाली 'अक्षर सुधारा', 'छान', हे तासन् तास चालणारं निष्फळ काम आहे. त्याऐवजी शिक्षकाने वह्या चाळाव्यात, वारंवार दिसणाऱ्या तीन चुका टिपाव्यात आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं साऱ्या वर्गाकडून त्या दुरुस्त करून घ्याव्यात. यातून माझ्या ओळखीच्या एका भाषेच्या बाईंचे आठवड्याला चार तास वाचले. त्या वेळात त्या प्रश्न काढतात. पण हे त्यांना करता आलं, कारण वह्यांवर लाल शाई दिसलीच पाहिजे हा नियम मुख्याध्यापकांनी आधी रद्द केला.

हे मी शहाणपणाने सांगते आहे असं समजू नका. पर्यवेक्षक असताना मी स्वतः सात चौकटींचा टाचण नमुना काढला होता. उद्दिष्ट, पूर्वज्ञान, आकलन तपासणी वगैरे सगळं संशोधनाला धरून. फार अभिमान होता मला त्याचा. दोन महिन्यांनी कळलं की शिक्षक शनिवारी बसून आठवड्याची टाचणं एकगठ्ठा भरतात, तीसुद्धा एकमेकांची बघून. वर्गात काय होतं आहे हे मी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. चौकटी तपासण्यातच माझा दिवस जायचा.

वर्गात जायचं म्हणजे कसं, तेही सांगते. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८० पासून हेच सांगत आले: नुसतं ऐकून, किंवा प्रशिक्षणात करून पाहूनही, नवी पद्धत रोजच्या शिकवण्यात फारशी उतरत नाही. वर्गात सोबत लागते. ही सोबत बाहेरच्या तज्ज्ञाचीच हवी असं नाही. दोन शिक्षकांची जोडी लावा, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं एकमेकांच्या तासाला बसू द्या, आणि त्यासाठी त्यांचे बदली तास तुम्ही लावून द्या. बघणाऱ्याकडे एकच प्रश्न असावा. किती मुलांनी स्वतः उत्तर काढलं? किंवा प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबले? हा दुसरा प्रश्न फार गमतीचा आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं निघालं. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलं कमी झाली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गापुढे उभं राहून मनात मोजून बघा, जीव टांगणीला लागतो.

या भेटींची नोंद कोणत्याही फायलीत जाऊ देऊ नका, गोपनीय अहवालात तर मुळीच नाही. भेट म्हणजे तपासणी असा एकदा जरी संशय आला तरी शिक्षक त्या दिवशी ठेवणीतला तास काढतात, आणि तुम्हाला नाटक बघायला मिळतं.

सुरुवात सगळ्या चाळीस जणांपासून करू नका. स्वतःहून तयार असलेले चार-पाच घ्या. त्यांत एक तरी असा हवा ज्याचा शब्द स्टाफरूममध्ये चालतो. नुसते उत्साही तरुण घेतले तर बाकीचे 'पोरांचा खेळ' म्हणून बाजूला होतात. एक वर्ग तुम्ही स्वतः घ्या, आठवड्यातून दोन तास का होईना. तुमचाही प्रयोग फसू दे आणि तो फसल्याचं चहाच्या वेळी सांगा. तालीम वर्गाबाहेर करा. दोघांनी स्टाफरूममध्ये उभं राहून प्रश्न विचारून, थांबून, पाट्या वर करायला सांगून बघायचं. पहिल्या वेळी सगळे हसतात, पण मुलांसमोर अडखळण्यापेक्षा ते बरं.

पद्धत निवडताना परिणामांच्या आकड्यांची यादी घेऊन वरची पहिली उचलू नका. ते आकडे फार वेगवेगळ्या अभ्यासांची सरासरी असतात आणि तुमच्या नववी 'ब' ला सरासरी ठाऊक नाही. तुमच्या शाळेतली दुखरी जागा आधी बघा. मुलं शिकवलेलं विसरतात का? मग आठवून काढण्याचा सराव. वर्गात ठरावीक पाच जणच बोलतात का? मग थांबणं, आणि सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवणं. वाचताच येत नसेल तर यातलं काहीच नको, आधी वाचन.

सहामाही किंवा वार्षिक निकालावरून पद्धत लागू पडली का हे ठरवू नका. त्या आकड्यात शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात. आज विचारलेला प्रश्न महिन्याने त्याच मुलांना न सांगता पुन्हा विचारा आणि बरोबर लिहिणारे मोजा. त्या सातवीत झाडाच्या वजनाचा प्रश्न महिन्याने पुन्हा विचारला तेव्हा 'मातीतून' लिहिणारे नऊ उरले होते. शून्य झाले नाहीत. तो गैरसमज चिवट आहे, बाई अजून त्यावर काम करत आहेत.

दुसरी पद्धत कधी आणायची, हे तुम्ही पुढे विचारालच. तुम्ही न सांगता एक शिक्षक दुसऱ्याला 'मागच्या महिन्याचा प्रश्न जरा सोपा ठेव, नाहीतर मुलं सुरुवातीलाच हात टेकतात' असं सांगताना कानावर पडेल, तेव्हा. मी पाहिलेल्या शाळांत याला वर्ष लागलं, एका ठिकाणी दीड. तोवर पाचवं प्रशिक्षण ठरवलं असेल तर ते रद्द करा. तो दिवस शिक्षकांना द्या, जोडीजोडीने बसून पुढच्या महिन्याचे प्रश्न काढायला.